एका दिवसाकरता नेलेली पेटी

देवानंद गवईनं कॅज्युअल्टीच्या फळीवरून पत्र्याची ती लाल पेटी उतरवली तेव्हा संजीवनी सिस्टरनं त्याला अडवलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे लोक म्हणाले, कोणाच्या लक्षातच आलं नाही. साफ खोटं. एकीच्या लक्षात आलं होतं आणि तिनं तोंड उघडून सांगितलंही होतं.

"भाऊ, राहू द्या न ते इथंच," सिस्टर म्हणाली. "लायब्ररीच्या रजिस्टरात सही पाह्यजे असन तं मी करून देतो."

"सिस्टर, एका दिवसाचा तं प्रश्न हाये. उद्या तपासणी. परवा सकाळी जशीच्या तशी आणून ठेवतो."

"अन् मंधात कोनी आलं तं?"

"तीन महिन्यांत उघडली का तुमी पेटी? नाही न? मंग एका दिवसात काय होते!"

सिस्टरनं फळीवरची धूळ कापसाच्या बोळ्यानं पुसली आणि आपल्या कामाला लागली. देवानंद पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवून निघाला.

आता मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीवाल्यानं कॅज्युअल्टीत पेटी कशाला ठेवायची, असं कोणीही विचारेल. डॉक्टरांची लायब्ररी म्हणजे परीक्षेच्या पोरांनी झोपा काढायची जागा, असाच सगळ्यांचा समज. देवानंदचाही तोच होता, खोटं कशाला बोला. देऊळघाटच्या अलीकडे एका ट्रस्टचं हे कॉलेज निघालं तेव्हा तो सहायक म्हणून लागला. ग्रंथपालाची जागा कधी भरलीच नाही, म्हणून सहायकाच्या पगारात सगळी लायब्ररी त्याच्याच गळ्यात पडली. पुस्तकं द्यायची, घ्यायची, शिक्के मारायचे, पंख्याखाली बसायचं. बारा वर्षं अशीच गेली.

तीन वर्षांपूर्वी त्याचे मावसे उकंडराव फवारणी करता करता वावरातच पडले. आपल्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, आणि हे औषध कोणतं ते कोणाला सांगता येईना. शेजाऱ्यानं डबा आणला होता, त्यावरचं नाव घासून गेलेलं. डॉक्टर तासभर फोनवर कोणाकोणाला विचारत होते. देवानंद बाजूला उभा. चाळीस हजार पुस्तकांचा धनी म्हणायचा, आणि मावशाच्या उपयोगाची एक ओळ त्याला काढून देता आली नाही! मावसे संध्याकाळी गेले. देवानंदला रडूसुद्धा आलं नाही, इतकी लाज वाटली.

तिथून त्याला वेड लागलं म्हणा. रविवार आला की हा चिखलीला. कृषी केंद्राच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, भाऊ, औषधाची लेबलं द्या न. दुकानदार हसायचे. "लेबलाची भाजी करता का हो, गवई साहेब?" चिखली झाली, मग मलकापूर झालं, मग सगळ्या जिल्ह्याची गावं. दोनशे बारा लेबलं जमली. डब्यावर धोक्याचा रंगीत त्रिकोण असतो ना, त्या रंगांप्रमाणे त्यानं ती फाईलमध्ये चिकटवली. नाव पुसलेलं असलं तरी रंग आणि अळीचं चित्र पाहून पान सापडलं पाहिजे, हा हिशेब. खाली लिहिलं: डब्यात काय आहे, अंगात गेलं तर काय होतं, उतारा कोणता, किती द्यायचा. औषधशास्त्राच्या जुन्या सरांनी पान न् पान तपासून सही केली. शेवटचा रकाना मात्र देवानंदचा स्वतःचा. तो उतारा आपल्या हॉस्पिटलात नेमका कुठे ठेवलेला असतो, मजला, खोली, कपाट, खण. त्यासाठी त्यानं अख्खं हॉस्पिटल पायाखाली घातलं होतं.

फाईल स्कॅन करून कॉम्प्युटरवर टाकलेली होती. पण आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीत आहे. लाइट गेली की सर्व्हर गेला, सर्व्हर गेला की स्कॅन गेलं. म्हणून पेटी. पेटीत ती फाईल, चार मोठी पुस्तकं, बॅटरी आणि वहीपेन्सिल. सगळं बंद पडलं तरी पेटी बंद पडत नाही, असं तो म्हणायचा. तीन महिन्यांपूर्वी ती कॅज्युअल्टीच्या भिंतीवर गेली, आणि त्या दिवशी त्यानं घरी जिलबी नेली होती.

आणि तरी तपासणीच्या आदल्या दिवशी तोच पेटी घेऊन निघाला.

का, तर आपल्याकडे तपासणी म्हटलं की एक रीत असते. कुंड्या नर्सरीतून भाड्यानं येतात, खाटांवर नव्या चादरी येतात, आणि सगळी पुस्तकं लायब्ररीत परत बोलावतात. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात असलं की ते गैरहजर, कपाटात कुलूपबंद असलं की हजर. डीन डॉ. लक्ष्मीकांत यांनी तसं परिपत्रकच काढलं होतं: सर्व विभागांकडील ग्रंथ ग्रंथालयात जमा करावेत. यंदाची समिती खास होती. दवाखाने आणि त्यांच्या लायब्रऱ्या आणीबाणीला कितपत तयार आहेत, ते पाहायला येणार होती. देवानंदनं त्यासाठी बेचाळीस पानांचा आराखडा लिहिला होता. आग लागली तर, पाणी शिरलं तर, लाइट गेली तर. सतराव्या पानावर पेटी होती, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'प्रती: दोन'. दुसरी प्रत व्हायची होती. रंगीत झेरॉक्सचा अर्ज डीनच्या टेबलावर चार महिने पडून होता. होईलच की आता, म्हणून त्यानं दोन लिहून टाकलं.

पण परिपत्रकामुळे पेटी आणली असं म्हणणं म्हणजे देवानंदला सोडून देणं झालं. पेटी कोणत्याच रजिस्टरात नव्हती. डीनना ती आहे हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. ती भिंतीवर राहिली असती तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. देवानंदनं ती आणली, कारण त्याला ती दाखवायची होती. मुंबईहून मोठी माणसं येणार. तीन वर्षं ज्या कामाला सगळे हसले, ते एकदा कोणीतरी जाणत्यानं हातात घेऊन पाहावं, बरं म्हणावं. बस, एवढंच. माणसाला वाटतं असं. वाटण्यात पाप नाही, पण वाटलं खरं.

रात्रभर पाऊस लागला होता. सप्टेंबरातला तो आडदांड पाऊस, सोयाबीन सडवणारा. पहाटे लाइट गेली. सकाळी आठला देवानंद कामावर निघाला. हॉस्पिटल मोठ्या रस्त्यावर आणि कॉलेज, लायब्ररी नाल्याच्या पलीकडे, जुन्या इमारतीत. मध्ये दीड किलोमीटर आणि नाल्यावर एक रपटा, म्हणजे पूर आला की ज्याच्यावरून पाणी जातं तो ठेंगणा पूल. आठ वाजता पाणी रपट्याच्या वीतभर खाली होतं. देवानंदनं स्कूटर थांबवून ते पाहिलं. लायब्ररीत ठेवलेल्या पेटीचं मनात आलं त्याच्या. आत्ता नेऊन दिली तर? मग म्हणाला, अकराले समिती लायब्ररीत येईन, बाराले आपण मोकळे, तेव्हा नेऊ. आणि स्कूटरला किक मारली.

दहाच्या सुमाराला मोबाइलचा टॉवर बसला. अकरा वाजले, समिती आली नाही. ती रात्रीच येऊन कॉलेजच्या गेस्ट हाउसात उतरली होती, पण नाश्ता लांबला, मग सत्कार लांबला. देवानंद दर पाच मिनिटांनी पेटीवरून फडकं फिरवत होता. टेबलावर हिरवं कापड, कापडावर पेटी, पेटीशेजारी स्पायरल केलेला आराखडा. फाटकावर मोठं फ्लेक्स लागलं होतं, 'तपासणी समितीचे हार्दिक स्वागत'. फाटकावरच्या चौकीदाराला डीनचा हुकूम होता, समिती आत असेपर्यंत बाहेरचं कुत्रंसुद्धा आत आलं नाही पाहिजे.

साडेबाराला समिती आली. अध्यक्ष डॉ. मधुवंती, साठीच्या, बारीक चष्म्याच्या, मुकाट्यानं पाहणाऱ्या. देवानंदला वाटलं होतं, कोणी चहा पिऊन सही करणारं येईल. पण बाई कामाच्या निघाल्या. त्यांनी आराखडा चाळला, पेटी उघडली, फाईल काढली आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं वाचत राहिल्या. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी, मॅडम."

"एकट्यानं?"

"लेबलं एकट्यानं. उतारे सरांनी तपासले."

"मी इतकी कॉलेजं पाहिली," बाई डीनकडे वळून म्हणाल्या, "असं काम पाहिलं नाही."

हेच ऐकायला तर देवानंदनं सगळं केलं होतं. डीननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मग बाईंनी चष्मा वर केला. "आज लाइट नाही, फोन नाही. समजा, या क्षणी तुमच्या कॅज्युअल्टीत विषबाधेचा पेशंट आला. डॉक्टर काय करतील?"

"त्यांच्याजवळ ही पेटी असते, मॅडम."

"ही तर इथं आहे."

आता इथं सांगायला जागा होती हो! म्हणायचं, मॅडम, ही तिथलीच, आज दाखवायला आणली, आता धाडतो. काय झालं असतं? दोन गुण गेले असते. पण डीनचा हात अजून पाठीवर होता, आणि आराखड्यात सतराव्या पानावर छापलेलं होतं. देवानंदची जीभ आपोआप वळली.

"ही दुसरी, मॅडम. एक तिथं, एक इथं."

"छान," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर आकडा लिहिला. देवानंदला तो उलटा दिसला: दहापैकी दहा.

समिती शरीररचनेच्या म्युझियमकडे गेली. देवानंदनं घाईघाईनं फाईल पेटीत टाकली. सव्वा वाजून गेला होता. आता नेतोच, असं म्हणत तो पेटी घेऊन बाहेर आला, तर फाटकाशी चौकीदार आणि अँब्युलन्सवाला राजकुमार यांची जुंपलेली. राजकुमार कमरेपर्यंत चिखलानं भरलेला. देवानंदला पाहताच तो ओरडला.

"गवई भाऊ! पेटी! पेटी द्या लवकर! हिमानी मॅडमनं मांगतली!"

देवानंदनं घड्याळात पाहिलं. "कधीचा आला बे तू?"

"पाऊण घंटा झाला! हा सोडून नाही राह्यला! म्हने समिती हाये आत!"

चौकीदार बिचारा खाली मान घालून उभा. हुकमाचा ताबेदार, त्याला काय बोलायचं.

राजकुमारनं धापा टाकत सांगितलं ते असं. सकाळी अकराला देऊळघाटच्या बाजूनं एका पोरीला ट्रॅक्टरवर घालून आणलं. मयुरी नाव, बावीस वर्षांची. दोन दिवस खोकला होता तिला. घरात लाइट नाही, अंधार. कोनाड्यात हात घातला आणि खोकल्याची बाटली समजून कपाशीच्या अळीच्या औषधाचे दोन घोट घेतले. बाटली आईनं बरोबर आणली होती, पण ओल्या कोनाड्यात लेबल अर्धं गळून गेलेलं. डॉक्टर हिमानी एकटी होती, मोठे डॉक्टर सगळे समितीच्या सरबराईला. तिनं नेहमीच्या फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन दिलं. गुण नाही. उलट पोरीचे ओठ निळे पडले, ऑक्सिजन लावूनही निळेच. रक्त काढलं तर ते लाल नाही, गुळाच्या काकवीसारखं. मग तिनं भिंतीकडे पाहिलं, तर फळी रिकामी.

"सिस्टर म्हनली, लायब्ररीत नेली. मॅडम म्हनली, पळ. मी निंघालो तवा रपट्यावर गुडघाभर पानी होतं."

पेटी घेऊन पुरातून जाता येणार नव्हतं. देवानंदनं फाईल काढली. गुंडाळायला काही दिसेना. त्यानं फाटकावरचं स्वागताचं फ्लेक्स खेचलं, टर्रकन फाडलं, फाईलभोवती चार वेढे घातले आणि सुतळी आवळली. चौकीदार "साहेब, साहेब" करत राहिला. पेटी तिथंच चिखलात पडली.

रपट्यावर पाणी आता मांडीच्या वर आलं होतं. बाजूचे दगडी खांब तेवढे वर दिसत होते. पाण्यातून कडबा, चप्पल, एक तुटका पाळणा वाहत चालला होता. राजकुमार पुढे, देवानंद मागे, एका हातानं त्याचा पट्टा धरलेला, दुसऱ्या हातानं फाईल डोक्यावर. मधोमध देवानंदचा पाय निसटला आणि तो छातीपर्यंत गेला. त्याला मरायची भीती वाटली नाही, फाईल भिजायची वाटली. राजकुमारनं त्याला शर्टाला धरून ओढलं आणि आईमाईवरून एक शिवी घातली. दोघं पलीकडे निघाले तेव्हा दोन वाजून गेले होते. तिथून हॉस्पिटलपर्यंत ते पळाले. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पण पळाला.

कॅज्युअल्टीत शिरला तेव्हा हिमानीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं नुसता हात पुढे केला. फ्लेक्स फाडून तिनं फाईल उघडली, पिवळ्या त्रिकोणाचा भाग काढला. पलंगाशेजारी उभ्या आईच्या मुठीतून तिनं बाटली घेतली आणि लेबलाचा उरलेला तुकडा पानापानाला लावत गेली. अळीचं अर्धं शरीर, पिवळ्या त्रिकोणाचं टोक, कोपऱ्यात हिरवी पट्टी. सातव्या पानावर जुळलं. देवानंदनं ते मलकापूरच्या एका दुकानातून आणलेलं लेबल होतं.

"मला वाटलंच होतं," हिमानी म्हणाली. "पण खात्री नव्हती. चुकून दिलं असतं तर... आणि आपल्याकडे ते इंजेक्शन आहे कुठे?"

"शेवटचा रकाना पाहा, मॅडम."

तिनं वाचलं. ऑपरेशन थिएटर, डाव्या हाताचं कपाट, वरून दुसरा खण. संजीवनी सिस्टर धावत गेली आणि दोन मिनिटांत परत आली. हातात निळ्या औषधाच्या चार कुप्या. कॅज्युअल्टीतून थिएटर म्हणजे एक जिना. सकाळी अकरापासून त्या कुप्या एका जिन्याच्या अंतरावर होत्या.

पावणेतीनला उतारा शिरेत गेला. देवानंद दाराशी उभा, अंगातून पाणी गळतंय, पायाखाली डबकं. दहा मिनिटांनी पोरीच्या ओठांचा निळेपणा उतरायला लागला. वीस मिनिटांनी यंत्रावरचा आकडा वर सरकला. राजकुमारनं देवानंदचा दंड दाबला. सिस्टर म्हणाली, "आली बाप्पा पोट्टी," आणि डोळे पुसले. देवानंदनं मनातल्या मनात बाबासाहेबांना हात जोडले. नवससायास तो मानत नव्हता, पण त्या वेळेस त्यानं काय काय कबूल केलं ते त्याचं त्याला ठाऊक.

सव्वातीनला तिला झटका आला. मग दुसरा. अडीच-तीन तास मेंदूला आणि काळजाला हवी तेवढी हवा मिळालीच नव्हती, ते आता बाहेर पडायला लागलं. अकोल्याला न्यायचं म्हटलं तर दोन्ही रस्ते बंद. हिमानीनं पोरीच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत देत अर्धा तास काढला. तिचे केस सुटले, घाम डोळ्यांत गेला, तरी ती थांबेना. शेवटी सिस्टरनंच तिचे हात धरले. चार वाजून वीस मिनिटांनी मयुरी गेली.

देवानंद बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकला. थोड्या वेळानं हिमानी आली. पंचविशीची पोर, पुण्याची, नोकरीच्या बाँडवर आलेली. हात धुतलेले, पण बाहीवर निळा डाग तसाच.

"मॅडम," देवानंद म्हणाला, "एक इचारू? बारा वाजता फाईल असती तं?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारताय म्हणून सांगते. वाचली असती."

"नक्की?"

"नक्की कोण सांगणार हो? पण वाचली असती."

एवढं बोलून ती आत गेली. तिनं रागानं बोलायला हवं होतं, असं देवानंदला वाटलं. चार लोकांत तोंडावर शिव्या द्यायला हव्या होत्या. म्हणजे निदान काही तरी झालं असतं.

पाचच्या पुढे टॉवर सुरू झाला. खिशातला ओला मोबाइल अजून जिवंत होता, तो थरथरला. डीनचा संदेश: 'ग्रंथालयास पैकीच्या पैकी. समिती अत्यंत प्रभावित. अभिनंदन, गवई. फ्लेक्स कोणी फाडले ते उद्या पाहू.' देवानंदनं तो दोनदा वाचला. मग मोबाइल बंद करून परत खिशात टाकला.

व्हरांड्याच्या टोकाला बाकावर मयुरीची आई बसली होती. कलाबाई. दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाणारी बाई, हाताला चिरा पडलेल्या. रडून झालेलं होतं. तिच्या मांडीवर ती बाटली होती, कोणीतरी परत दिलेली, आणि ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. माणसं कागदपत्रं करायला गेली होती. देवानंदला वाटलं, गुपचूप निघून जावं. कोणाला काय कळणार? सिस्टर बोलणार नाही. राजकुमार बोलणार नाही. समितीचा कागद तर बोलणारच नाही. पायऱ्या उतरल्या की झालं.

तो दोन पावलं गेलाही. तेवढ्यात कलाबाईच म्हणाली, "भाऊ."

तो थांबला.

"तुमीच का ते पुरातून आले? थो डायवर सांगत होता. म्हने तुमी वाहून जात होते, पन हातातलं सोडलं नाई." तिनं बाटली बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "माह्या पोरीसाठी लय केलं तुमी. कोन करते एवढं? तुमच्या लेकराबाळाचं भलं होईन."

देवानंदला ते हात पाहवेनात. तो तिच्यापुढे जमिनीवर, स्वतःच्याच गळणाऱ्या पाण्यात, खाली बसला.

"ताई, हात जोडू नका. माह्यं आइका." तो थांबत थांबत बोलला. "ते फाईल इथंच राह्यते. आत, भितीवर. तीन महिने इथंच होती. काल मी नेली. आज इथं असती न, तं तुमची पोरगी आता उठून बसली असती. डाक्टरीन मॅडमनं सांगतलं मले. मीच नेली, ताई. मले कोनी न्यायले लावलं नाही."

कलाबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. तिला समजायला वेळ लागला. ती कधी त्याच्याकडे, कधी आतल्या दाराकडे पाहत होती.

"काऊन नेली?" तिनं विचारलं.

"तपासणी होती. बाहेरून मोठे लोक आलते."

"कायची तपासनी?"

आता अर्धं सांगून थांबता येत नव्हतं.

"असं काही झालं... पूर आला, लाइट गेली, अन् तुमच्या पोरीसारखं कोनी आलं... तं आपली तयारी हाये का नाही, ते पाह्याले आलते."

कलाबाईनं हात खाली घेतले. पदर सारखा केला. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, ती बाटली फेकून मारेल, अशी देवानंद वाट पाहत होता. मनापासून वाट पाहत होता. पण तिनं नुसतं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता काही. पोराच्या परीक्षेचं विचारावं, तसं खरंच विचारत होती बिचारी.

"मंग? झाले का तुमी पास?"

देवानंदनं मान वर केली नाही.

"हाव," तो म्हणाला.